‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम’ म्हणून वॉरंटी नाकारता येते का?

प्रश्न : मी डिचोलीला घरून दुकानदारांचे हिशेब लिहिते, जीएसटीची रिटर्न भरते. अकरा महिन्यांपूर्वी मडगावच्या दुकानातून ६२ हजारांचा लॅपटॉप घेतला. झाकण लावून ठेवला की उघडल्यावर स्क्रीन काळीच. पंखा फिरत असतो, पण बटण दाबून धरून बंद करावा लागतो आणि सेव्ह न केलेले काम जाते. सर्व्हिस सेंटरने दोनदा फॉरमॅट केला. आता म्हणतात, "हार्डवेअर ठीक आहे. ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे, सॉफ्टवेअर वॉरंटीत येत नाही." बिल माझ्या फर्मच्या नावावर आहे. काय करू?

उत्तर : ताई, वॉरंटी कार्ड कंपनीने आपल्या सोयीने लिहिलेले असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली ‘दोषा’ची व्याख्या त्याहून मोठी आहे. करारात स्पष्ट असलेला किंवा गृहीत धरलेला, किंवा विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे सांगितलेला दर्जा मालात नसेल, तर तो दोष. खोक्यावर ‘झाकण उघडताच सुरू’ असे काही छापले असेल, तर खोके भंगारवाल्याला देऊ नका. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि मशीनचा एखादा भाग यांना जोडणारा छोटा प्रोग्रॅम. झाकण लावल्यावर लॅपटॉप स्लीपमध्ये जाताना ग्राफिक्स, वाय-फाय, टचपॅड यांना थांबवणे आणि उघडल्यावर पुन्हा कामाला लावणे हे ड्रायव्हरचे काम. त्यातला एक अडला की सगळे मशीन अडते. हा ड्रायव्हर कंपनीनेच घालून दिला असेल, तर तो मालाचाच भाग आहे, असे मी मांडीन.

मात्र तो कंपनीचाच आहे हे दाखवावे लागेल, आणि फॉरमॅटमध्ये नेमका तोच पुरावा जातो. म्हणून तिसऱ्यांदा फॉरमॅट करू देऊ नका. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरची कंपनी, तारीख आणि व्हर्जन दिसते. त्याचा फोटो काढा. विंडोज अपडेटची हिस्टरीही टिपून ठेवा, कारण ड्रायव्हर त्या वाटेनेही आपोआप येतात आणि समोरचा वकील "तुम्हीच टाकला" म्हणणार. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीवर फार विसंबू नका. तुम्ही बटण दाबून मशीन बंद केले तरी ती नोंद होते. मशीन का अडले, हे त्यातून कळत नाही. निळ्या स्क्रीनवर ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ आले, तर तो फोटो सोन्याच्या मोलाचा. हे सगळे जमवल्यावरच जुना ड्रायव्हर परत घालून पाहा. त्यावर लॅपटॉप नीट उठला, तर खोट कुठे आहे ते दिसलेच.

सर्व्हिस सेंटर अर्धा तास चालवून ‘दोष आढळला नाही’ लिहून मोकळे होते. जॉब शीटवर ‘स्लीपनंतर चालू होत नाही’ हेच शब्द लिहून घ्या. झाकण लावण्या-उघडण्याचा व्हिडिओ, बाजूला घड्याळ ठेवून, काढा. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडलेले बरे. ग्राहक आयोगाला वाटले तर तो मशीन प्रयोगशाळेत तपासायलाही पाठवू शकतो.

फर्मच्या नावाचे बिल दिसले की ‘व्यावसायिक वापर, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही’ हा आक्षेप येणारच. कायदा मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू त्यातून वगळतो. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्यांची टायपिंगची कामे घेणाऱ्याच्या टाइपरायटरचे उदाहरण दिले होते. तुमचा लॅपटॉप त्याच वर्गातला. तुम्ही पगारी माणसे ठेवून त्यांच्याकडून यावर काम करून घेत असाल, तर मात्र बाजू लंगडी पडेल.

खरेदी मडगावची असली तरी तिथे खेटे घालायची गरज नाही. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा आयोगात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. दुकानदार, उत्पादक आणि सर्व्हिस सेंटर, तिघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवत बसतील.

पूर्ण पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका. नव्या ड्रायव्हरने दोष गेला, तर आयोग बहुधा तिथेच थांबेल. आधी दुरुस्ती, ती न जमल्यास बदलून मशीन किंवा पैसे, आणि गेलेल्या कामाची भरपाई, अशी क्रमाने मागणी करा. रिटर्न उशिरा गेल्याने लेट फी भरली असेल, तर चलन जोडा.

तिघांनाही पंधरा दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टने पाठवा, आणि ती वॉरंटी संपण्याच्या आत जाऊ द्या.