एचओ स्केलमध्ये (मॉडेल रेल्वेचं १:८७ प्रमाण) १९४५ च्या सुमाराचं नाशिकरोड स्टेशन करतोय. इमारत आणि फलाट झाले, पण परिसर खरा वाटत नाही. काय चुकतंय? समोरचा चौक किती मोठा ठेवू?

फोटो तुम्ही टाकलेला नाही, तरी अंदाज सांगतो. गवत हिरवं असेल, झाडं बुटकी असतील आणि जमीन कॅरमबोर्डासारखी सपाट असेल. ‘इंजिन आणि इमारत चोख असली की जमीन कोण बघतं’ हे वाक्य आपल्याकडच्या हौशी मंडळींकडून मी कित्येक वर्षं ऐकतोय आणि ते मला एकदाही पटलेलं नाही. इंजिन खोक्यातून निघतं, ते कुठेही धावेल. ते नाशिकरोडला उभं आहे हे जमिनीवरूनच कळतं.

आधी साल घट्ट धरा. १९४५ म्हणजे वर तारा नकोत. मुंबईकडून आलेली वीज तेव्हा इगतपुरीला संपायची, पुढे मनमाडपर्यंत सगळा कारभार वाफेचा. वॅगनवर जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) अक्षरं हवीत, मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला झाली. चौकात एसटी उभी करू नका, तिची पहिली गाडीच १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी धावली. नाशिकरोडहून गावात जाणारी ट्रामही तोवर बंद पडली होती, त्यामुळे चौक टांग्यांचा. रुळांच्या कडेला गाजरगवत लावायचा मोह आवरा. ते आपल्या देशात पहिल्यांदा लक्षात आलं पुण्यात, १९५५ च्या सुमारास. काँक्रीटचे स्लीपर आणि सुबाभूळही नकोत. घाणेरी खुशाल लावा.

मग महिना. पाकिटातलं परदेशी स्टॅटिक ग्रास (मॉडेलसाठीचं नकली गवत) ज्या हिरव्या रंगाचं असतं तो रंग आपल्याकडे पावसाळ्याचे तीन-चार महिनेच टिकतो. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, होळीपर्यंत पांढरट. मी फेब्रुवारीचा शेवट धरला: धूळ आहे, कडुनिंब पान गाळतोय, यार्डाच्या टोकाला एखादा पळस फुललाय. गवतासाठी विकत काही आणू नका. सुतळी उकला, ३ ते ५ मिमीचे तुकडे करा, चिमटीने उभे रोवा. ५ मिमी म्हणजे प्रत्यक्षात ४३ सेंमी, कुसळी गवताची उंची बरोबर येते आणि रंग तर आयताच वाळक्या गवताचा.

आता टांगा अड्डा. माझ्या १२० × ६० सेंमीच्या तुकड्यावर सगळ्यात जास्त वेळ यालाच गेला आणि तुमचा प्रश्नही इथेच अडलाय असं मला वाटतं. १२ मिमी मरीन प्लायवर एक इंच जाडीचा कडक फोम चिकटवला. थर्माकोल नको, त्याचे दाणे सुटतात. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा ३ मिमी थर दिला, त्यात चौथा हिस्सा बारीक लाकडी भुसा. नुसतं प्लास्टर उन्हाळ्यात तडकतं, भुसा ते धरून ठेवतो. पाण्यात लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकले की प्लास्टर सावकाश जमतं, हाताला वेळ मिळतो.

थर ओला असतानाच चाकोऱ्या पाडायच्या. रुपयाचं नाणं फिरवायची युक्ती सगळे सांगतात, ती चुकीची आहे. नाणं साधारण दीड मिमी जाड, म्हणजे प्रमाणात १३ सेंमी रुंद चाक. ती चाकोरी टांग्याची वाटत नाही, ट्रकची वाटते. ०.५ मिमी प्लास्टिक शीटच्या दोन चकत्या कापा, एका तारेवर १६ मिमी अंतराने बसवा आणि फिरवा. चाकोऱ्या समांतर रेघोट्यांसारख्या काढू नका. फाटकाशी त्या एकमेकींवर चढतात, हौदाकडे वळतात, भिंतीच्या कडेला नाहीशा होतात. जिथे टांगे ताटकळत उभे राहतात तिथली जमीन लीद आणि मुताने काळपट पडते. तिथे गडद तपकिरी रंग पातळ करून थापा आणि वर सुतळीचा चुरा भुरभुरा, तो सांडलेला कडबा.

वरची माती आपल्याच भागातली घ्या. मुरूम उन्हात वाळवा, तव्यावर पंधरा-वीस मिनिटं भाजा (नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरते), मग मैद्याच्या चाळणीतून काढा. पहिल्या खेपेला मी इथेच थांबलो आणि दोन संध्याकाळी गाड्या चालवल्यावर इंजिन अडखळायला लागलं. खालचं झाकण काढलं तर मोटारच्या चुंबकावर काळी लव उगवलेली, केसांसारखी उभी, आणि गिअरच्या दातांत तीच पूड. आपला काळा पाषाण बेसाल्टचा, त्यात मॅग्नेटाइट असतं. दगड झिजून माती झाली तरी ते कण मातीत राहतात. गोदेच्या वाळूतही तेच. परदेशी पुस्तकांत हा धोका एका ओळीत उरकतात, आपल्याकडे तो पहिला धोका आहे. उपाय सोपा: माती वर्तमानपत्रावर पातळ पसरा, जाड लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाच-सहा वेळा फिरवा, पिशवी उलटी केली की काळी पूड गळून पडते. पिशवी कोरी निघेपर्यंत थांबू नका.

चिकटवताना आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं फवारून माती पूर्ण भिजवा. मग १ भाग फेव्हिकॉल, ३ भाग पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, हे ड्रॉपरने सोडा. भिजवलं नाही तर गोंद मण्यांसारखा वरच बसतो, वर पापुद्रा धरतो आणि खाली माती सुटीच राहते. वाळल्यावर रंग दोन छटा गडद होतो, म्हणून हवी त्यापेक्षा फिकी माती निवडा. अगदी शेवटी तीच माती कोरडी, मऊ ब्रशने, चाकोऱ्यांच्या मधल्या भागावर झटका.

खडीबद्दल थोडक्यात. खरी खडी सुमारे ५० मिमीची, म्हणजे एचओत ०.६ मिमी. विकतची बहुतेक १ मिमीच्या पुढे असते, प्रमाणात जवळजवळ नारळाएवढे दगड. क्रश सँड आणा, रव्याच्या चाळणीतून जाईल आणि मैद्याच्या चाळणीवर राहील ती घ्या, चुंबक तिलाही फिरवा. पण ही फक्त मुख्य मार्गाला. यार्डातल्या सायडिंगला (बाजूच्या रुळांना) खडीचा डौल नको, तिथे राख आणि मुरूम स्लीपरच्या डोक्यापर्यंत भरलेला हवा. खरी राख वापरू नका, ओली झाली की क्षार सुटून रूळ काळे पडतात. मुरमातच करडा आणि काळा पोस्टर रंग कालवा.

झाडं मोजून करा, नजरेने नको. १५ मीटरचा कडुनिंब १७ सेंमी, १८ मीटरचा वड २१ सेंमी. एकमजली इमारतीचं आढं ८ मीटरवर धरलं तर ९ सेंमी होतं, म्हणजे झाड छपराच्या दुप्पट. बहुतेक जण ८ सेंमीची झाडं लावतात आणि मग इमारत महालासारखी दिसते. जुन्या विजेच्या केबलमधल्या तांब्याच्या तारा पिळून बुंधा होतो, वडाच्या पारंब्या सुतळीच्या एकेका धाग्याच्या.

इमारतीचं छप्पर पुन्हा एकदा बघा. मंगळुरी कौल ४१ × २३ सेंमीच्या आसपास, प्रमाणात ४.७ × २.६ मिमी. सगळी कौलं एकाच लाल रंगात रंगवली असतील तर दहा-बारातलं एक वेगळ्या छटेचं करा, आणि पश्चिमेचा उतार जास्त काळा ठेवा, पाऊस तिकडूनच मारतो. दगडी भिंतीला निव्वळ काळा रंग कधीही देऊ नका. करड्यात थोडा तपकिरी, आणि सांध्यांना चुन्याची फिकट रेघ.

चौकाचं माप: खोली २३ ते २५ सेंमीपेक्षा कमी नको. घोड्यासकट टांगा साधारण ४ मीटर, म्हणजे ४६ मिमी, आणि तो वळवायला ११ ते १२ सेंमी लागतात. मागे उभ्या टांग्यांची एक रांग धरली की १६-१७ सेंमी होतात, उरलेली जागा येणाऱ्या-जाणाऱ्यांना. जागा कमी असेल तर फलाटाची लांबी कापा, चौकाची खोली नको. जुन्या फोटोत रूळ समोरून दिसत असतील तर पट्टी आयती मिळते: दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिमी, त्याच अंतरावरच्या बाकी वस्तू त्यावरून मोजा.

आता राहिलेलं एक. एचओचा तयार रूळ १६.५ मिमीचा असतो आणि आपला ब्रॉडगेज प्रमाणात १९.३ मिमी येतो, म्हणजे तुमचा मार्ग अरुंद दिसणारच. हाताने रूळ टाकून चाकं रुंद करायची तयारी नसेल तर तसंच ठेवा. बोगद्यासारखा थेट समोरून दिसणारा कोन मात्र टाळा. रूळ थंडीत टाकताय तर मीटरला अर्धा मिमी सांध मोकळी सोडा, मेमध्ये ती भरते.

रंग ठरवण्याआधी ३० × ३० सेंमीचा नमुना तुकडा करून ज्या खोलीत लेआउट राहणार तिथल्याच दिव्याखाली ठेवा. पांढऱ्या ट्यूबखाली मुरूम हिरवट दिसतो. ४००० केल्विनचे एलईडी लावा, आणि मगच पुढची माती चाळा.