देवापुढे केलेला संकल्प दर वर्षी मोडतो, यंदा करू की नको?

नाताळ सरला की आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं माझ्यापाशी जवळजवळ तेच गाऱ्हाणं घेऊन येतात. '३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत गुडघे टेकून संकल्प करतो आणि फेब्रुवारी संपायच्या आत मोडतो. माणसाला दिलेला शब्द असता तर तोंड लपवून निभावलं असतं. हा तर देवाला दिलेला. मग यंदा करावा की करूच नये?' व्यायामाचा संकल्प मोडला तर माणूस चार दिवस खजील होतो. देवाच्या नावाने केलेला मोडला की तो देवालाच टाळायला लागतो. हे मी इतक्यांच्या बाबतीत पाहिलं आहे, की त्यावर नीट लिहायलाच हवं असं वाटलं.

एका बाईंची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका शाळेत त्या शिकवतात, घरी नवरा, दोन मुलं आणि आजारी सासूबाई. त्यांच्या डायरीत दर वर्षी तीच यादी असे: पहाटे पाचला उठून प्रार्थना, वर्षभरात संपूर्ण बायबल, रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना, नियमित दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग देवाला), मुलांवर ओरडायचं नाही. बायबलची ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-चार अध्याय आले. उत्पत्ती आणि निर्गम भराभर होत. लेवीयातल्या यज्ञविधींशी आलं की वाचन अडखळे. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी सात अध्याय, तिसऱ्या दिवशी दहा. मार्चमध्ये पुस्तक बंद.

"आणि आता ताई, प्रार्थनेलाही बसवत नाही," त्या म्हणाल्या. "कुठल्या तोंडाने बसू?"

"ही यादी कुणी केली?"

"मीच. देवासाठी."

"यातलं देवाने काय मागितलं होतं?"

"वचन वाचायला तर सांगितलंच आहे ना?"

"वाचायला सांगितलंय. डिसेंबरपर्यंत संपवायला?"

त्या गप्प झाल्या. मग हळूहळू निघालं की त्यांच्या जाऊबाई दर वर्षी बायबल वाचून काढतात आणि मंडळीत तशी साक्षही देतात. यादीतली निम्मी कलमं त्या घरातून आली होती.

माझं मत मी लपवत नाही. मोडलेल्या संकल्पामागे आळस किंवा अविश्वास मला क्वचित सापडतो. तिथे बहुधा 'हे केलं तर देव मला पसंत करील' ही धडपड असते. ती धडपड उपदेशाने जात नाही, माणसाला ती स्वतःला दिसावी लागते. म्हणून मी वचनं सांगत बसले नाही. पुढच्या भेटीत त्यांनाच लूकच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायातला अंजिराच्या झाडाचा दाखला मोठ्याने वाचायला लावला. मालक तीन वर्षं फळ शोधत येतो, मिळत नाही, झाड तोडायला सांगतो. माळी म्हणतो, एवढं एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो.

"हे मी दर वर्षअखेरीला ऐकते," त्या म्हणाल्या. "आणि दर वर्षी भीती वाटते. यंदा फळ आलं नाही तर..."

"या गोष्टीत राबतं कोण?"

"माळी."

"आणि झाड?"

त्यांनी पुन्हा ओळी वाचल्या. बराच वेळ गेला. मी काही बोलले नाही. या कामात बोलण्यापेक्षा न बोलणं मला सावकाश जमू लागलं आहे, आणि त्या दिवशी त्याचं चीज झालं.

"झाड काहीच करत नाही," त्या म्हणाल्या. "उभं राहतं. खणू देतं." मग एकदम रडू फुटलं. "मी आजवर कुदळसुद्धा स्वतःच उचलत आलेय, ताई."

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "पण शेवटी तोडायचंच आहे ना?"

"पुढच्या वर्षी काय झालं ते येशू सांगत नाही. झाडाच्या बाजूने कोण बोललं, ते मात्र सांगतो. तुमची माती सगळ्यात घट्ट कुठे झालीय?"

उत्तर लगेच आलं. "रात्री आठ ते साडेनऊ." स्वयंपाक, वह्या तपासणं, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, सगळं त्या दीड तासात आणि सगळं एकटीवर. मुलांवर ओरडणं तेव्हाच होई, कौटुंबिक प्रार्थना तेव्हाच बुडे, पहाटेची जाग तिथेच हुकलेली असे. नवऱ्याला कधी सांगितलंत, असं विचारलं तर म्हणाल्या, "ख्रिस्ती बाईने कुरकुर करू नये."

नव्या वर्षाच्या पानावर पहिलं कलम आलं: रात्रीची भांडी आणि आईंची औषधं यांनी बघायची. "हे काय आध्यात्मिक ध्येय झालं?" त्यांनी संकोचून विचारलं. एकमेकांची ओझी वाहा, हे गलतीकरांच्या पत्रातच आहे, मी म्हणाले. नवरा कुरकुरला, पण तयार झाला. त्या वर्षी बाईंचं वाचन लूक आणि स्तोत्रसंहिता एवढंच झालं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी त्या दिवसाचाच भाग वाचायचा, मागचा भरून काढायचा नाही, असं ठरलं होतं. ओरडणं थांबलं नाही, कमी झालं. प्रार्थनेला मात्र त्या परत बसू लागल्या, ओरडून झाल्यावरसुद्धा.

आता तुमच्यासाठी. शपथेच्या भाषेत संकल्प करू नका. नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा, असं बायबलमधलं 'उपदेशक' हे पुस्तक पाचव्या अध्यायात स्पष्ट म्हणतं, आणि याकोब आपल्या पत्रात उद्याच्या बेतांच्या आधी 'प्रभूची इच्छा असेल तर' म्हणायला शिकवतो. म्हणून 'मी करीनच'ऐवजी 'प्रभू, मला यात मदत कर' असं म्हणा. पण कृपेवर भिस्त ठेवायची म्हणजे वही मिटायची, असं कुणी समजू नये. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे येशूनेच सांगितलं. वेळ कुठून येणार, कुणाला सांगावं लागणार, काय सोडावं लागणार, हे लिहा. कलमं दोन-तीनच ठेवा.

अमेरिकेतले धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांनी १७२२-२३ च्या सुमारास, विशीच्या आतबाहेर असताना ७० निश्चय लिहिले. इतके मी कुणालाही सुचवणार नाही! पण सुरुवातीलाच त्यांनी देवाच्या मदतीवाचून आपल्याला काही जमणार नाही हे कबूल केलं, आणि यादी आठवड्यातून एकदा वाचायची असं ठरवलं. आपण डिसेंबरात लिहितो आणि पुढच्या डिसेंबरात उघडतो. शनिवारी रात्री दहा मिनिटं काढलीत तरी पुष्कळ.

आणि एकट्याने करू नका. मेथडिस्ट पंथाची सुरुवात करणारे जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये कराराची उपासना सुरू केली. मेथडिस्ट मंडळ्यांत पुढे ती नववर्षाच्या सुमारास होऊ लागली. तिथे सगळी मंडळी मिळून स्वतःला देवाच्या हाती देते, आणि प्रार्थनेत 'मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव' अशीही मागणी असते. आजारपण आलं, नोकरी गेली, घरात मरण झालं, तर ते वर्ष वाया गेलं असं मानायचं नाही, याची सोय त्या प्रार्थनेतच आहे. कबुतरखान्यासारख्या घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांनी हे वाक्य जरूर जवळ ठेवावं.

एक गोष्ट राहिली. अपराधीपणा आठवडेच्या आठवडे जात नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, 'देवाने मला टाकलंय' हेच मनात घोळत असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर संकल्पांची वही बाजूला ठेवा आणि लगेच विश्वासातल्या माणसाला सांगा. पाळकांकडून प्रार्थना जरूर करून घ्या, आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. जगणं नको वाटत असेल तर आठवड्याचीही वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. त्यात विश्वासाची कमतरता नाही, हे मी कितीतरी पाळकांच्या तोंडूनही वदवून घेतलं आहे.