पिकअपच्या हिच बॉलसाठी घरच्या घरी टोपी कशी करावी? गंज येऊ नये म्हणून काय करावं?

मिशिगनमध्ये बोटीचा ट्रेलर ओढायला तुम्ही पिकअपच्या मागे २ इंची हिच बॉल, म्हणजे ट्रेलर जोडायचा धातूचा गोळा, बसवलाय. त्यावर गंज चढतोय, ग्रीस लावलं तर पँटला लागतं, आणि विकतची टोपी हरवली. जुना टेनिस बॉल घ्या. मीही मिशिगनमध्येच राहतो, माझ्या गाडीवर तोच असतो.

टेनिस बॉलचा बाहेरचा व्यास ६.५ ते ६.९ सेंमी. रबर आणि वरची लोकर सोडली तर आत साधारण साडेपाच सेंमीची पोकळी उरते. तुमचा हिच बॉल ५.०८ सेंमीचा, म्हणजे आत छान बसतो. २ ५/१६ इंची बॉल असता तर टोपी ताणून बसवावी लागली असती आणि ती लवकर फाटते.

कापताना टेनिस बॉल हातात धरू नका, व्हाइसमध्ये पकडा. आधी एक छोटं भोक पाडून हवा जाऊ द्या, मग धारदार सुरीने फुली मारा. फुली लहानच ठेवा, मोठी झाली तर टोपी रस्त्यात उडून जाते. बसत नसेल तर गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा, रबर मऊ पडतं. काप खालच्या बाजूला राहू दे, म्हणजे आत शिरलेलं पाणी निथळेल. प्लॅस्टिकची पिशवी मात्र बांधू नका. आत दमटपणा कोंडतो आणि गंज आणखी वाढतो.

पण टोपीने गंज थांबत नाही, तो थांबतो ग्रीसने. टोपी फक्त ग्रीसला धुळीपासून आणि तुमच्या पँटला ग्रीसपासून वाचवते. ग्रीसमध्ये वाळू मिसळली की ट्रेलर जोडल्यावर तीच बॉल आणि कपलर (ट्रेलरच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) दोन्ही घासते. म्हणून जुन्या ग्रीसवर नवं थापू नका. डीग्रीझर आणि चिंधीने सगळं पुसून काढा, गंजाचे डाग बारीक सँडपेपरने घासा, मग लिथियम किंवा मरीन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. बोट पाण्यात उतरवताना हिचही भिजतं, त्यामुळे तुम्हाला मरीनच बरं. कपलरमध्ये घर्षणाचे पॅड असतील तर ग्रीस अजिबात नको, तिथे बॉल कोरडाच लागतो.

हिवाळ्यात माझा आग्रह वेगळा आहे. बॉल माउंट (बॉल ज्यावर बसवलाय तो भाग) पिन काढून बाहेर ओढा आणि गॅरेजमध्ये ठेवा. इथे रस्त्यावर मीठ टाकतात. ते रिसीव्हरच्या, म्हणजे माउंट ज्यात घुसवतात त्या, नळीत शिरलं की माउंट आत जाम होतो आणि वसंतात हातोड्याने ठोकत बसावं लागतं. शिवाय पार्किंगमध्ये कुणाची नडगी फुटत नाही. (बॉल नंबर प्लेटच्या आड येतो म्हणून काळजी असेल, तर मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एका खटल्यात तेवढ्यावरून कायदा मोडत नाही असं ठरवलंय. दुसऱ्या राज्यात जाताना तिथला नियम बघा.)

ट्रेलर जोडण्याआधी टोपी काढायला विसरू नका. टोपी मध्ये राहिली तर कपलर नीट बसत नाही, आणि कुलूप लागल्यासारखं वाटूनही ट्रेलर सुटू शकतो. टोपी हातात आलीच आहे तर खालचा नटही तपासा. तो टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळायचा, किती ते बॉलसोबतच्या कागदावर असतं. बॉलचा गोलवा एका बाजूने सपाट झाला असेल किंवा दांड्याला चीर दिसली, तर घासपूस करत बसू नका, नवा घ्या. घेताना त्यावर कोरलेला आकार आणि वजनाची मर्यादा कपलरशी आणि ट्रेलरशी जुळवून पाहा.