आजीव सभासदत्व घेऊ का?

प्रश्न : मुंबईच्या पश्चिम उपनगरांत सोसायट्यांचं बाहेरचं रंगकाम, प्लास्टर दुरुस्ती आणि वॉटरप्रूफिंग करतो. नऊ वर्षं झाली, गेल्या वर्षीची उलाढाल ८० लाख. कंत्राटदारांच्या एका संघटनेचं आजीव सभासदत्व ६० हजार अधिक जीएसटी आहे, वार्षिक ७,५००. ओळखीचे म्हणतात, लेटरहेडवर लोगो आला की मोठी कामं मिळतात, वर टॅक्सही वाचतो. पैसे ओव्हरड्राफ्टमधून काढावे लागतील, व्याज १४ टक्के. पाच सोसायट्यांकडे रिटेन्शनचे, म्हणजे कामात दोष निघाला तर म्हणून बिलातून राखून ठेवलेले, मिळून ४ लाख ६० हजार अडकलेत. घेऊ का?

उत्तर : सभासद व्हा, पण आजीव नको. ६० हजारांवर १४ टक्के म्हणजे वर्षाला ८,४०० रुपये व्याज. वार्षिक वर्गणी ७,५००. म्हणजे 'एकदाच भरा आणि विसरा' म्हणत तुम्ही दरवर्षी वर्गणीपेक्षा जास्त बँकेला देणार, आणि मुद्दल डोक्यावर तसंच. जीएसटी मी हिशेबात धरलेला नाही, कारण तुमची नोंदणी नेहमीच्या पद्धतीची असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून तो वजा होतो.

टॅक्सचं तुमच्या सीएंना विचारा, पण विचारताना एक गोष्ट पक्की करा. तुमच्या एवढ्या उलाढालीचे बरेच जण अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे आपण ज्याला ४४एडी म्हणत आलो त्यात, विवरण भरतात. तुम्हीही तसंच भरत असाल तर उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के उत्पन्न धरलं जातं आणि वेगळा खर्च दाखवताच येत नाही. मग सभासदत्वाने एक रुपयाही टॅक्स वाचणार नाही.

आता लोगोचं. मी आमच्या सोसायटीची तीन वर्षं सेक्रेटरी होते. बाहेरच्या रंगासाठी तीन कोटेशन आली, त्यातल्या एकाच्या लेटरहेडखाली चार लोगो ओळीने छापलेले. मीटिंगमध्ये त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्या कमिटीतले एक निवृत्त काका मात्र त्या तिघांनी पूर्वी केलेल्या इमारती बघून आले. एका ठिकाणी भिंतीवर हात फिरवला तर तळवा पांढरा झाला. तीन पावसाळ्यांत रंगाची पावडर. तिथे निकाल लागला. (चार लोगोवाल्याचंच होतं ते काम.)

मोठी कामं येतात ती सल्लागाराच्या दारातून. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर ५ वर्षांनी, त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. ऑडिट करणारा इंजिनिअरच पुष्कळदा टेंडर लिहितो आणि कुणाकुणाला बोलवायचं तेही सुचवतो. तेव्हा संघटनेच्या बैठकांना हे लोक येतात का, ते बघा. वर्गणी भरायच्या आधी पाहुणे म्हणून एक-दोन बैठकांना जाऊन या. हजेरीत नुसते सिमेंट आणि रंगकंपन्यांचे सेल्समन दिसले तर चहा पिऊन परत या.

संघटनेचा जोर कुठे चालतो हेही समजून घ्या. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया १९४१ साली पुण्यात सुरू झाली ती लष्करी बांधकाम खात्याची कामं घेणाऱ्या कंत्राटदारांमुळे. तिथे ग्राहक एकच, अवाढव्य, आणि अटी त्याच्या. सगळ्यांनी मिळून बोललं तरच काही हलणार. तुमचा ग्राहक दर कामाला नवा, कमिटी बदलली की जुना सेक्रेटरी हात वर करतो. त्याच्याशी तुमच्या वतीने भांडायला कुठली संघटना येणार? फार तर एक पत्र देईल.

पण तुमचा खरा पैसा गळतोय तो तिथेच. ४ लाख ६० हजार अडकलेत, म्हणजे १४ टक्क्यांनी वर्षाला ६४,४०० रुपये व्याज तुम्ही त्या पाच सोसायट्यांसाठी भरताय. त्यापुढे ७,५०० म्हणजे किस झाड की पत्ती. इथे मात्र जुन्या सभासदांचा उपयोग आहे. त्यांच्या कराराचे मसुदे मागा. रिटेन्शन कधी सोडायचं हे नीट लिहिलेलं कलम कुणाकडे तरी असतंच. 'पावसाळा संपल्यावर' असं मोघम नको. ३० सप्टेंबरनंतर १५ दिवसांत दोघांनी मिळून पाहणी करायची, सोसायटीने पाहणीला बोलावलं नाही तर रक्कम देय झाली असं समजायचं, असं तारखेसकट हवं. हे एक कलम हाती लागलं तरी कित्येक वर्षांची वर्गणी वसूल. तोवर त्या पाच सोसायट्यांना कामाचे फोटो जोडून लेखी मागणी पाठवा आणि पोच घ्या. फोनवरचं 'बघतो, पुढच्या मीटिंगला घेतो' याला काही किंमत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही. पत्रात कामगारांच्या विम्याचा उल्लेख नाही. सातव्या मजल्यावर मुलं झुल्यावर बसून रंग मारतात आणि त्या झुल्याचा दोर गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधलेला असतो, हे मी आमच्याच इमारतीत पाहिलंय. एक अपघात झाला तर नुकसानभरपाईत नऊ वर्षांची कमाई जाईल, त्या पोराच्या घरचं जाईल ते वेगळंच. ओव्हरड्राफ्टमधून काढायचेच असतील तर आधी या पॉलिसीचा हप्ता काढा. मजुरांची संख्या आणि मजुरी खरी सांगा. हप्ता वाचवायला सहा माणसं लिहिली आणि झुल्यावर चौदा असली, तर दाव्याच्या वेळी कंपनी नेमकं तेच काढते. वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केलेल्यांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीही करून द्या. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर सरकारी पोर्टलवर स्वतः करा, ती फुकट आहे. 'करून देतो' म्हणत त्याचे दोन-तीन हजार घेणारे याच बैठकांबाहेर भेटतील.

विमा झाला की वार्षिक वर्गणी भरा आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाआधी डायरी उघडा. किती सल्लागारांनी टेंडरला बोलावलं, रिटेन्शन किती सुटलं, एवढंच बघा. दोन्हीकडे शून्य असेल तर ७,५०० वाचवा.