स्कॅफोल्डच्या पोटात डोकावून बघ

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा स्कॅफोल्डचा, म्हणजे ज्याच्या आधाराने नवं हाड वाढावं आणि जो पुढे विरघळून जावा अशा सच्छिद्र सांगाड्याचा, आराखडा वाचला, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटोही पाहिले. छिद्रं देखणी आली आहेत, शंकाच नाही. हाडासाठी पीएलजीए घेऊ की पीसीएल (शरीरात हळूहळू विरघळणारे हे दोन पॉलिमर), असं तू विचारलं आहेस. पण तुझ्या आराखड्यात पॉलिमरवर चार पानं आहेत आणि जखमेवर जेमतेम चार ओळी. हा स्कॅफोल्ड कुठल्या हाडात बसणार, त्यावर भार किती येणार, ते हाड भरून यायला किती वेळ घेतं, आजूबाजूचा रक्तपुरवठा कसा आहे, हे आधी लिहून काढ. निम्मी मटेरियल तिथेच बाद होतील.

यातला रक्तपुरवठा सगळ्यात महत्त्वाचा. शरीरातल्या बहुतेक पेशी केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रोमीटरच्या आत असतात. त्यापलीकडे ऑक्सिजन झिरपून पुरत नाही. तुझा ठोकळा ५ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे मधली पेशी पृष्ठभागापासून अडीच मिलिमीटर आत. डिशमध्ये कडेच्या पेशी मजेत वाढतात आणि वाढता वाढता बाहेरची छिद्रंच बुजवून टाकतात. आतल्यांची उपासमार होते, पण एकूण पेशींचा आकडा चढताच दिसतो. म्हणून ठोकळा मधोमध काप आणि त्या कापावर जिवंत-मृत पेशींचा रंग लाव. वरून घेतलेल्या फोटोवर मी विश्वास ठेवत नाही.

उंदराच्या पाठीवरचा कान तू पाहिला असशीलच. १९९७ सालचा तो फोटो सगळीकडे फिरतो. पॉलिमरच्या साच्यावर गाईच्या कूर्चापेशी पेरलेल्या होत्या, आणि उंदीर असा निवडला होता की त्याची प्रतिकारशक्ती परकं काही नाकारू शकणार नाही. कूर्चेत मुळात रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे ती बरंच निभावून नेते. हाड नेत नाही. उलट जळालेल्या त्वचेसाठी यानस आणि बर्क यांनी १९८१च्या सुमारास केलेलं काम बघ. कोलॅजेनचा पातळ सच्छिद्र थर, त्यावर सिलिकॉनचं आवरण. थर पातळ आणि थेट जखमेवर टेकलेला, त्यामुळे रुग्णाच्याच पेशी आणि रक्तवाहिन्या खालून आत शिरतात; मग सिलिकॉन काढून वर रुग्णाचीच पातळ त्वचा लावायची. पुढे बाजारात आलं त्या रूपात यात पेशी पेरलेल्याच नसतात. मला विचारशील तर पहिल्या प्रकल्पात पेशी न पेरलेलीच बरी. शरीराला आत यायला नीट वाट करून देणं, एवढंच काम दोन वर्षं पुरेल.

पेशी पेरल्या की बाकीचं शरीर बघून घेईल, या भरवशाचं काय होतं ते स्टॉकहोममध्ये दिसलं. २०११ साली तिथे रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी पेरून प्लास्टिकची श्वासनलिका बसवली, जगभर गाजावाजा झाला. तिथे अशी नलिका बसवलेले तिघेही रुग्ण पुढे दगावले आणि २०२३ साली स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला तुरुंगवासाची शिक्षा दिली. त्या नलिकेला स्वतःचा रक्तपुरवठा नव्हता, आणि माणसात बसवण्याआधी प्राण्यांवर पुरेशी तपासणीही झाली नव्हती.

आता विरघळण्याविषयी. तुझ्या तक्त्यात फक्त वजन आहे. पीएलजीए पाण्याने तुटतो तेव्हा आधी साखळ्या आखूड होतात, वजन बरंच नंतर उतरतं. काही आठवडे वजनकाट्यावर नमुना जसाच्या तसा, आणि चिमट्यात धरला की भुगा! शिवाय तुटताना लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल सुटतं. ते जाड भागाच्या पोटात कोंडतं आणि तुटण्याचा वेग आणखी वाढवतं, म्हणून आतला भाग बाहेरच्याच्या आधी खंगतो. तू हायड्रॉक्सीॲपेटाइट, म्हणजे हाडातल्यासारखं कॅल्शियमचं खनिज, मिसळलं आहेस, ते थोडं आम्ल शोषून घेईल, चांगलंच आहे. तरी वजनाबरोबर रेणुभार आणि दाबाखालची ताकद मोज, आणि तीसुद्धा ३७ अंशांच्या बफरमध्ये भिजलेल्या नमुन्यावर. कोरड्या ठोकळ्याची ताकद शोधनिबंधात छान दिसते. शरीरात कोरडं काहीच नसतं. ५०:५० पीएलजीए साधारण महिना-दोन महिन्यांत संपतो, पीसीएल दोन वर्षं किंवा त्याहून जास्त रेंगाळतो. तुझं हाड या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतं, ते तुझ्या त्या चार ओळींतूनच ठरणार.

हायड्रॉक्सीॲपेटाइटवरून आठवलं. ॲलिझरिन रेड लावून लालभडक रंग आला म्हणून तू 'खनिजीकरण उत्तम' असं लिहिलं आहेस. तो रंग कॅल्शियमला धरतो, आणि कॅल्शियम तर तूच घातलं आहेस! पेशी न पेरलेला स्कॅफोल्ड त्याच माध्यमात, तितकेच दिवस ठेव आणि त्यालाही रंग लाव. तोही तितकाच लाल झाला तर ते वाक्य काढून टाक. जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी चाचणीलाही असाच रिकामा नमुना हवा. सच्छिद्र मटेरियल रंग धरून ठेवतं आणि आकडा फुगतो.

छिद्रं पाडायला घातलेलं मीठ धुऊन काढल्यावर शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून बघ. पांढरा गढूळपणा आला की मीठ अजून सुटतंय. आणि पाणी स्वच्छ निघालं, तरी बंद कप्प्यांत अडकलेलं मीठ त्यात दिसणार नाही. छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत की नाही, हे मायक्रो-सीटीवरच, म्हणजे नमुन्याच्या आतलं दाखवणाऱ्या सूक्ष्म एक्स-रे स्कॅनवरच, कळेल.

निर्जंतुकीकरणाचा तर आराखड्यात उल्लेखच नाही. ७० टक्के अल्कोहोल रोजच्या डिशमधल्या कामाला चालतं, पण त्याने जिवाणूंचे चिवट बीजाणू मरत नाहीत. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या, १२१ अंशांत पीएलजीए टिकणार नाही, पीसीएल तर ६० अंशांच्या आसपासच वितळतो. गॅमा किरणांनी साखळ्या तुटतात, एथिलीन ऑक्साइड वायूचा अंश मागे राहतो. जी पद्धत निवडशील तिच्यातून नमुने आधी काढ आणि मगच ताकद मोज. म्हणजे आत्ताचे सगळे आकडे पुन्हा घ्यावे लागतील. महिनाभराचं काम आहे, तेवढं वेळापत्रकात धर.

तुझा,
सर