यजमान गेल्यापासून प्रार्थना होत नाही. चर्चच्या मंडळीतले म्हणतात विश्वास कमी आहे. समुपदेशन घेऊ की डॉक्टरकडं जाऊ?

ताई, तुम्ही लिहिलंय की आठ महिने झाले, गुडघे टेकले तरी शब्द फुटत नाही, झोप लागत नाही, आणि लोक म्हणतात, "उपास धरा." मी पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू नाही, जालन्याकडचा साधा विश्वासी आहे. पण या खड्ड्यात मीही दीड वर्ष काढलंय.

वडील गेले त्याच साली आमचं सोयाबीन पाण्यात गेलं. रविवारी उपासनेला जायचो, गीताला उभं राहून नुसते ओठ हलवायचो. जो भेटेल तो एक वचन सांगून निघून जायचा. बहुतेक वेळा बायबलातलं रोमकरांस ८:२८, की सगळ्या गोष्टी मिळून कल्याणच करतात. वचन खरंच आहे हो, पण मयताच्या घरी येऊन असं टाकलं की दगडासारखं लागतं.

मग मंडळीतल्या एक म्हाताऱ्या मावशी आल्या. नर्स म्हणून रिटायर झालेल्या. बायबल पिशवीतच राहिलं. त्यांनी पिठलं टाकलं, ज्वारीच्या दोन भाकरी थापल्या आणि मी खाईपर्यंत समोर बसल्या. "रात्री झोपतो का रे?" एवढंच विचारलं. चार-पाच खेपा असंच. नंतर कधीतरी बायबलातल्या '१ राजे' पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचायला लावला. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवदूत त्याला रागवत नाही, विश्वास मोजत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो, परत झोपतो. दूत परत उठवून खाऊ घालतो. 'तू इथं काय करतोस?' हे देव विचारतो ते पार होरेब डोंगराला पोचल्यावर, ४० दिवसांनी.

म्हणून समुपदेशन जरूर घ्या, पण जेवणाझोपेची चौकशी न करता थेट पापावर येणाऱ्याकडं दुसऱ्यांदा जाऊ नका. बायबलात सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्रसुद्धा ७ दिवस गप्प बसले तोवरच कामाचे होते.

आणि डॉक्टरकडंही जा. यात 'की' कशाला? प्रेषित पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, अजून उपास कर म्हणत नाही. झोपेचं एवढं बिघडलंय तर मानसोपचाराचे डॉक्टर गाठा. गोळ्या चालू झाल्या आणि कुणी 'विश्वासानं बंद करा' म्हणालं, तर तिथून चपला घालून निघायचं. जीव नकोसा वाटत असेल तर आजच टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा; फुकट आहे, मराठीत बोलतात.

राहिली प्रार्थना. आमच्या जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल हे ख्रिस्ती गाव आहे. हे नाव मुळात ज्या जागेचं, तिथं बायबलातला याकोब काही प्रार्थनेला गेला नव्हता. घरातून पळून आलेला, दगड उशाला घेऊन झोपलेला. देव इथं आहे हे त्याला जाग आल्यावर कळलं.

स्वतःचे शब्द नाहीत तर उसने घ्या. बायबलातल्या स्तोत्र १३ च्या पहिल्या दोन वचनांत 'कोठवर?' हे चारदा विचारलंय. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मी ते बांधावर बसून मोठ्यानं वाचायचो. आमेन म्हणवलं नाही तर तसंच पुस्तक मिटायचो. कित्येक दिवस तसंच मिटलं.