पासपोर्ट कुणाच्या कपाटात आहे?

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतेय:

"ताई, मुलगी 22 वर्षांची, मास्टर्सला गेलीये, सात महिने झाले. मला रात्र रात्र झोप नाही. तिकडच्या बातम्या वाचते, कुणावर हल्ला झाला, कुणी बेपत्ता झालं, की काळजात धस्स होतं. लाइव्ह लोकेशन चालू ठेवायला लावलंय, तरी लायब्ररीतून यायला उशीर झाला की मी इकडे जागी. हल्ली फोनवर नीट बोलत पण नाही, हो हो ठीक आहे म्हणते नि ठेवते. तशी राहायची सोय चांगली आहे, ह्यांच्या ओळखीतले एक गृहस्थ तिकडे स्थायिक आहेत, त्यांच्याच घरात खोली दिलीये, भाडं कमी घेतात, ती रिकाम्या वेळात त्यांच्या धंद्यात हातभार लावते. पासपोर्ट वगैरे पण त्यांनीच कपाटात नीट ठेवलाय, ही जरा वेंधळी आहे ना. म्हणून तो प्रश्न नाही. प्रश्न रस्त्याचा आहे. पुढच्या महिन्यात एक जण तिकडे जाणारेय, त्याच्याबरोबर पेपर स्प्रे पाठवू का? सेल्फ डिफेन्सचा क्लास लाव म्हणू का? कुठलं ॲप चांगलं?
– काळजीत पडलेली आई"

अहो आई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा भराभर, आणि दुसऱ्यांदा त्या कपाटापाशी येऊन थांबले ती पुढे सरकेचना. "पासपोर्ट वगैरे पण त्यांनीच कपाटात नीट ठेवलाय." आणि लगेच खाली, "म्हणून तो प्रश्न नाही." कमाल आहे तुमची. रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी स्प्रे, क्लास, ॲप, रात्रीची जागरणं, आणि ज्याच्या कपाटात तुमच्या मुलीची तिकडची अख्खी ओळख कुलूपबंद आहे त्याच्यासाठी "नीट ठेवलाय". बरं तुम्ही देशाचं नाव पण लिहिलं नाहीत, सगळीकडे आपलं "तिकडे तिकडे", त्यामुळे मला चार-पाच देशांचं मिळून सांगावं लागणार, चालवून घ्या.

आधी हे स्पष्ट करते की मी त्या गृहस्थांना वाईट म्हणत नाहीये. मी त्यांना ओळखत नाही. भले असतील, खरंच काळजीने ठेवला असेल. पण माणूस चांगला आहे की नाही हे ठरवायची वेळच येऊ नये म्हणून तर आपली वस्तू आपल्याकडे असते ना. आणि खरं सांगायचं तर तो पासपोर्ट तुमच्या मुलीचा पण नाही, तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, 1967 च्या पासपोर्ट कायद्यात तसं लिहिलंय, घरात एखादा पासपोर्ट असेल तर आतल्या सूचना वाचा, तिथे पण छापलंय. सरकारने तो तिच्या हातात दिलाय, ह्यांच्या ओळखीतल्या गृहस्थांच्या कपाटात नाही. बघायला मागणं, झेरॉक्स काढून घेणं, फोटो काढून ठेवणं, हे सगळे करतात, कॉलेज करतं, बँक करते, घरमालक करतो, नोकरी देणारा तर कागद तपासतोच. तपासून परत देतात. ठेवून घेणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीची मजुरी कशी ओळखायची याच्या 11 खुणा दिल्यात, त्यातली एक आहे ओळखीची कागदपत्रं ठेवून घेणं. बाकीच्यांत पगार अडवणं, एकटं पाडणं, कर्जात अडकवणं, धमकी देणं असं सगळं येतं. आता म्हणाल हे मजुरांचं, माझी मुलगी मास्टर्स करतेय. पण "रिकाम्या वेळात त्यांच्या धंद्यात हातभार लावते" हे तुमचंच वाक्य आहे. हातभार म्हणजे आठवड्याला किती तास? पैसे मिळतात की भाडं कमी घेतो त्यात वळते होतात? मिळत असतील तर खात्यात येतात की हातात? तुम्हाला माहीत नाहीये, आणि तुम्ही विचारलं नाहीये कारण ते ओळखीतले आहेत.

हे तास का विचारतेय ते पण ऐका. स्टुडंट व्हिसावर कामाच्या तासांना मर्यादा असते. ब्रिटनमध्ये डिग्रीच्या मुलांना टर्म चालू असताना आठवड्याला 20 तास, कॅनडात कॉलेजबाहेर 24 तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला 48 तास, जर्मनीत वर्षाला 140 पूर्ण दिवस, अमेरिकेत तर कॅम्पसच्या बाहेर परवानगीशिवाय कामच करायचं नाही. बिनपगारी, घरगुती मदत म्हटलं म्हणून ते मोजलं जात नाही असं समजू नका. आणि एकदा का पोरगी त्या रेषेच्या पलीकडे गेली, किंवा आपण गेलोय असं तिला नुसतं वाटलं, की तिला पोलिसांची भीती, कॉलेजची भीती, व्हिसा रद्द व्हायची भीती. मग समोरच्याला दमदाटी करायची गरजच उरत नाही, "बघ हं, कळलं तर तुलाच परत पाठवतील" एवढं हसत हसत म्हटलं तरी पुरतं. कपाट उघडं असलं तरी तिला ते बंदच दिसतं. आणि घर बदलावंसं वाटलं तर? नवीन खोली घ्यायला ओळख दाखवावी लागते, खातं उघडायला लागते, बॉर्डर ओलांडायला तर लागतेच. म्हणजे त्या घरातून निघायचं तर त्याच घरच्या माणसाकडे चावी मागायची, असा तो मामला आहे.

(मधेच एक. ती ब्रिटनमध्ये असेल तर तिकडे राहायच्या परवान्याच्या कार्डाच्या जागी आता ई-व्हिसा आलाय, सगळं ऑनलाइन खात्यात असतं. ते खातं कुणाच्या ईमेलवर आणि कुणाच्या फोन नंबरवर उघडलंय ते तपासायला सांगा. एजंटच्या किंवा ह्या गृहस्थांच्या असेल तर ते पण कपाटच, फक्त दिसत नाही.)

आता माझं सांगते. मी स्वतः शिकायला बाहेर गेले तेव्हा ज्यांच्याकडे राहायचे त्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात "दे इकडे, हरवशील" म्हणून पासपोर्ट घेतला होता आणि मी दिला पण, वर थँक्यू म्हटलं. चार महिन्यांनी हवासा वाटला. मागायला मला तीन आठवडे लागले. तीन आठवडे! आंघोळ करताना वाक्य पाठ करायचे, जिन्यात पाठ करायचे, आणि त्या समोर आल्या की दुसरंच काहीतरी बोलायचे. शेवटी एकदाचं मागितलं तर बाई उठल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दिला, दहा सेकंद. मग आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होत्या, एवढंच. त्या चांगल्याच होत्या हो. पण चांगल्या बाईकडे मागायला मला तीन आठवडे लागले, तर समोरचा चांगला नसता तर मी मागितलाच नसता, हे मला आज पण नीट कळतं. आणि आईला मी यातलं काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. तिच्याच मैत्रिणीची ओळख होती ना ती.

तुमची मुलगी हो हो ठीक आहे म्हणून फोन का ठेवते हे मी इथे बसून सांगू शकत नाही. अभ्यास असेल, कंटाळा असेल, 22 वर्षांच्या मुली आयांशी तसंच बोलतात. पण ती फोन करते तेव्हा कुठे बसलेली असते? त्याच घरात ना? भिंतीपलीकडे कोण असतं? आणि तक्रार करायचीच झाली तर ती कुणाची करणार, तुम्हीच शोधून दिलेल्या माणसाची, तुमच्याकडे? जाताना तुम्ही तिला काय सांगून पाठवलं असेल ते मी न ऐकता सांगते. त्यांचे उपकार आहेत आपल्यावर, नीट वाग, उलट बोलू नकोस, त्यांना वाईट वाटेल असं काही करू नकोस. बरोबर? ते कुलूप तुम्ही घातलंय, आई. त्या माणसाने फक्त कपाट दिलं.

भीड ही भिकेची बहीण असं म्हणतात ते अशाच वेळी. त्यामुळे स्प्रे राहू दे, क्लास राहू दे, मला तुमच्याकडून एकच काम हवंय आणि ते तुम्हीच करायचंय, ह्यांनी नाही. उद्या ती कॉलेजात असताना, घराबाहेर, एकटी असताना फोन करा. आधी मेसेज टाका की बाहेर आलीस की सांग. आणि तिला हे शब्द म्हणा: "पासपोर्ट परत माग आणि स्वतःजवळ ठेव. काकांना राग आला तर येऊ दे. संबंध तुटले तरी चालतील. बाबांशी मी बघते." यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. तिला सेल्फ डिफेन्सपेक्षा ह्या परवानगीची गरज जास्त आहे, कुणाला तरी वाईट वाटू द्यायची परवानगी, आणि ती देणारं घरात तुमच्याशिवाय कुणी नाही. मग गप्प बसा आणि ऐका. लगेच "का गं काय झालं, काही केलं का त्याने" असा भडिमार नको, नाहीतर ती परत हो हो ठीक आहे वर जाईल.

तिने मागताना कारण द्यायची गरज नाही, पण देणं सोपं जात असेल तर द्यावं, कॉलेजात दाखवायचाय म्हणावं. आणि मागायच्या आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला जाऊन सांगून ठेवावं की माझा पासपोर्ट घरमालकाकडे आहे आणि मी आज मागणारेय, म्हणजे त्या शहरात कुणाला तरी माहीत असेल. बरोबर एखादी मैत्रीण असली तर उत्तम. परत मिळाला की कपाटात परत जायचा नाही, "बरं दोन दिवसांनी ठेव हं इथेच" वगैरे काही नाही.

दिला तर प्रश्न मिटला, तुम्हाला थोडं तुटक बोलणं ऐकावं लागेल, ऐका. "देतो नंतर", "कशाला हवाय", "तुझ्या बाबांशी बोलतो", ह्यातलं काही आलं तर मात्र ते नाही असंच धरायचं आणि त्याच दिवशी इंटरनॅशनल ऑफिसमार्फत पोलिसांकडे आणि भारतीय दूतावासाकडे. तुम्ही इथून परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाका. दूतावास नवीन पासपोर्ट देऊ शकतो, तातडीने परत यायचं झालं तर इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, म्हणजे तो कागद कपाटात अडकला म्हणून ती कायमची अडकली असं होत नाही, हे पण तिला सांगा, कारण मुलांना हे माहीतच नसतं. कामाचे तास जास्त झाले असतील तरी जावं. ते लपवायला म्हणून तिथेच राहणं जास्त महागात पडतं. आणि धमकी, अडवणूक, दार लावून घेणं असं काहीही झालं तर थेट फोन, युरोपियन युनियनमध्ये 112, ब्रिटनमध्ये 999, अमेरिका-कॅनडात 911, ऑस्ट्रेलियात 000, न्यूझीलंडला 111.

राहिला तुमचा स्प्रे. ब्रिटनमध्ये पेपर स्प्रे बंदुकांच्या कायद्याखाली बंदी असलेलं शस्त्र आहे, कॅनडात पण माणसांवर मारायच्या स्प्रेला बंदी आहे. म्हणजे तुमचा भला माणूस तो बॅगेत घालून विमानतळावर उतरेल आणि तिथेच पकडला जाईल, किंवा तुमची मुलगी तो पर्समध्ये घेऊन फिरेल आणि गुन्हेगार ठरेल. नका पाठवू. ॲपचं म्हणाल तर लाइव्ह लोकेशन आहे ते बास आहे, पण त्यावरचा ठिपका रात्री त्या घरापाशी येऊन थांबला की तुम्ही "आली बाई सुखरूप" म्हणून झोपता ना, ते मात्र थोडे दिवस थांबवा.

आणि उद्याच्या फोनवर सुरुवात जेवलीस का, झोप झाली का, थंडी आहे का अशी करू नका, त्यात पाच मिनिटं जातात आणि तिची बस येते. पहिलाच प्रश्न पासपोर्टचा विचारा.